गलबतं कुजू द्या, पण आधी मोजून घ्या

१९०९ साली इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरमध्ये, पर्टन नावाच्या खेड्यापाशी, सेव्हर्न नदीचा काठ खचला. एरवी नदीकाठ खचला तर ज्याची जमीन गेली तो शेतकरी हळहळतो, बाकी कुणाला पत्ता लागत नाही. इथे मात्र काठाच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, ग्लॉस्टर ते शार्पनेस हा १६ मैलांचा कालवा होता. सेव्हर्नच्या मुखात मोठ्या उधाणाला १४ मीटरच्या आसपास पाणी चढतं आणि तितकंच उतरतं. मुंबईत ५ मीटरची भरती येणार म्हटलं की वर्तमानपत्रं इशारे छापतात, त्यावरून काय ते समजावं. वाळूचे दांडे सतत जागा बदलणारे, पाण्याला ओढ जबर. ग्लॉस्टर बंदरात मोठं जहाज नदीतून न्यायचं म्हणजे जिवाशी खेळ, आणि तो टाळायलाच १८२७ मध्ये हा कालवा सुरू झाला होता. नदी आणि कालवा यांच्यामधली ती चिंचोळी पट्टी फुटली असती तर कालव्याचं पाणी ओहोटीबरोबर नदीत गेलं असतं.

कालवा कंपनीचे मुख्य अभियंता ए. जे. कलिस यांनी यावर जो तोडगा काढला, तो कोकणातल्या माणसाला समजावून सांगावा लागणार नाही. खारबांधाला भगदाड पडलं की गावकरी हाताशी असेल ते त्यात लोटतात, दगड असो, झावळ असो की मोडकी होडी असो. कलिस यांनी तेच केलं, फक्त होड्यांच्या जागी अख्खी गलबतं लोटली. रेल्वे आणि वाफेच्या बोटींमुळे शिडाची मालवाहू गलबतं धंद्यातून उठत चालली होती. ती गोदीत नुसती उभी होती, आणि विकत घ्यायला कुणी नव्हतं. उधाणाची भरती साधायची, टगने, म्हणजे ओढबोटीने, गलबत काठाशी ओढत आणायचं, ऐन वेळी दोर सोडायचा आणि पाण्याच्या रेट्याने ते जितकं वर चढेल तितकं चढू द्यायचं. मग बुडाला भोकं पाडायची. पुढचं काम नदी करते. दर भरतीला गढूळ पाणी आत शिरतं, ओहोटीला गाळ मागे ठेवून निघून जातं, आणि काही वर्षांत गलबत आतून भरून जागचं हलेनासं होतं.

हा उद्योग एकदाच करून थांबला नाही. काठ पुन्हा कुठे धुपला की आणखी एक गलबत, असं करत १९६० च्या दशकापर्यंत तो चालला. ऐंशीच्या आसपास गलबतं तिथे अशी चढवली गेली. तळ सपाट असलेली, सेव्हर्नवरच माल वाहणारी ‘ट्रो’ जातीची गलबतं, दोन-तीन डोलकाठ्यांची समुद्रावर जाणारी शिडाची जहाजं, कालव्यातले बार्ज, आणि सर्वांत शेवटी दुसऱ्या महायुद्धात पोलादाचा तुटवडा पडला म्हणून बांधलेले काँक्रीटचे बार्जसुद्धा. ब्रिटनच्या मुख्य भूमीवरची ही सर्वांत मोठी जहाजांची स्मशानभूमी, असं आता तिचं वर्णन केलं जातं. मला हे वर्णन पसंत नाही, कारण स्मशानात कुणी कामाला जात नाही. ही गलबतं तिथे कामाला गेली होती.

मुद्दा असा की शंभरेक वर्षांनी या सगळ्याचं करायचं काय. हा प्रश्न इंग्लंडातल्या एका खेड्यापुरता नाही. जिथे जिथे खाडी आहे आणि खाडीकाठी लाकडी होड्या सडतायत, तिथे तो आहे. म्हणजे आपल्याकडे तर आहेच आहे.

आधी तिथे काय उरलंय ते पाहू. शार्पनेसहून कालव्याच्या कडेने चालत निघालं की एका हाताला कालव्याचं निश्चल पाणी आणि दुसऱ्या हाताला गवताळ उतार, त्यापलीकडे नदीचं तपकिरी पात्र. सुरुवातीला गलबत असं काही दिसतच नाही. गवतातून काळ्या-करड्या लाकडाची काही टोकं वर आलेली असतात, बाभळीच्या कुंपणाचे खांब समजून माणूस पुढे जाईल. थांबून पाहिलं तर ती टोकं बदामाच्या आकाराच्या एका रेषेत आहेत हे लक्षात येतं, आणि मग कळतं की आपण एका गलबताच्या काठाशेजारी उभे आहोत आणि त्याचं पोट आपल्या पायांखालच्या जमिनीत आहे. जी पहिल्यांदा चढवली ती बहुतेक अशीच जमिनीत गडप झालेली. नंतरची अधिक उघडी. एखाद्याचा मागचा खांब छातीएवढा उभा, त्याला सुकाणूची लोखंडी बिजागरी अजून धरून. फळीतून खिळा निम्मा बाहेर आलेला दिसतो, पण खिळा बाहेर आलेला नसतो. तो जागेवरच आहे, त्याच्याभोवतीचं लाकूड झिजून मागे गेलंय. गंजाचे ओघळ उतरलेल्या जागी लाकूड जास्त घट्ट राहिलंय, बाकी हाताला भुसभुशीत लागतं. काँक्रीटचे बार्ज मात्र ठणठणीत उभे आहेत. पर्टनला फोटो काढायला येणारे लोक त्यांच्याकडे पाठ करून लाकडाचे फोटो काढतात.

स्थानिक मंडळींनी बरीच वर्षं खपून, बंदरांच्या नोंदवह्या आणि जुने फोटो ताडून, यातल्या बहुतेक गलबतांची नावं शोधून काढली आणि प्रत्येकापाशी छोटी पाटी रोवली. पाटीवर नाव, बांधणीचं साल, गाव. त्या पाट्या नसत्या तर वाटसरूला तो लाकूडफाटाच वाटला असता. ‘डिस्पॅच’ हे जहाज १८८८ मध्ये पार स्कॉटलंडच्या उत्तरेला, स्पे नदीच्या मुखाशी बांधलेलं. ‘हॅरिएट’ १९०५ चा, विल्टशायरमधल्या हनीस्ट्रीटच्या धक्क्यावर बांधलेला. केनेट कालव्याच्या पद्धतीचा हा शेवटचा ठाऊक असलेला बार्ज. ‘कॅथरीन एलन’बद्दल तर सांगतात की आयर्लंडच्या बंडखोरांना बंदुका पोचवताना १९२१ मध्ये ते पकडलं गेलं होतं. कोळसा, मीठ, धान्य, इमारती लाकूड यांच्या खेपा करता करता एखाद्या वर्षी बंदुका. तांडेल आणि खलाशी सगळीकडे सारखेच, जो माल मिळेल तो वाहायचा.

या गलबतांवर दोन संकटं आहेत, एक निसर्गाचं आणि एक माणसांचं. माणसांचं जास्त लाजिरवाणं. लोकांनी आठवण म्हणून पितळी-लोखंडी भाग काढून नेले, शेकोटीसाठी फळ्या उपसल्या, काही गलबतांना सरळ आग लावली. शंभर वर्षं सेव्हर्नच्या उधाणाला पुरून उरलेलं लाकूड एका रात्रीच्या पार्टीत गेलं. आणि तक्रार करायला गेलं तर कायदा कुठला लावायचा यावर अडलं. ब्रिटनमध्ये बुडालेल्या जहाजांच्या संरक्षणाचा १९७३ चा कायदा आहे, पण तो समुद्रतळावरच्या अवशेषांसाठी. ही बुडालेलीच नाहीत, ठरवून जमिनीवर चढवलेली आहेत. ऐतिहासिक जहाजांची राष्ट्रीय नोंदवही आहे, तिला जहाज बऱ्यापैकी शाबूत लागतं. ही शाबूत नाहीत. १९७९ चा प्राचीन स्मारकांचा कायदा लागू शकतो, तो एकेका गलबतासाठी भांडून मिळवावा लागतो. ‘हॅरिएट’ला तो मिळाला. थोडक्यात, बाकीची गलबतं धड जहाजात ना धड इमारतीत.

यावर साधारण तीन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, निवडक गलबतं उचला, संग्रहालयात न्या, जतन करा. दुसरं म्हणतं, लाकूड आहे, कुजणारच, उगाच भावुक होऊ नका. तिसरं मत पर्यटनवाल्यांचं: लाकडी पायवाट करा, दिवे लावा, चहाचं दुकान टाका. तिसऱ्यावर मी वेळ घालवत नाही. पहिलं मत वरवर सगळ्यात सज्जन वाटतं, आणि मला वाटतं तेच सगळ्यात घातक आहे.

का, ते सांगतो. लाकूड सतत चिखलाखाली, हवेविना राहिलं तर शतकानुशतकं टिकतं. सतत कोरडं राहिलं तरी टिकतं. आळीपाळीने भिजलं आणि वाळलं की बुरशी त्याचा फडशा पाडते. पर्टनची जी गलबतं गाळात गडप झालीत ती म्हणूनच सर्वांत सुरक्षित आहेत, आणि जी उघडी, देखणी, फोटोतली आहेत ती सर्वांत वेगाने जातायत. गाळातलं लाकूड बाहेर काढायचं म्हटलं तर काय होतं त्याची दोन मोठी उदाहरणं जगासमोर आहेत. स्टॉकहोमचं ‘वासा’ हे बुडालेलं जहाज १९६१ मध्ये वर काढलं आणि लाकूड वाळताना आकसू नये म्हणून त्यावर सतरा वर्षं पॉलिएथिलीन ग्लायकॉल या रसायनाचा फवारा मारत बसावं लागलं. पोर्ट्समथचं ‘मेरी रोझ’ १९८२ मध्ये वर आलं, त्याच्यावरचे फवारे २०१३ मध्ये बंद झाले. या राजांच्या युद्धनौका, त्यांना पैसा मिळाला. कोळसा वाहणाऱ्या ऐंशी गलबतांना असा फवारा कोण मारणार? नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

बरं, पैसा मिळाला असं धरलं तरी उचलून नेलेलं गलबत पर्टनचं राहत नाही. सेव्हर्नवरच्या ट्रो जातीचं एक गलबत, १८९४ मध्ये चेपस्टोला बांधलेलं ‘स्प्राय’, आयर्नब्रिजजवळच्या संग्रहालयात छान दुरुस्त करून ठेवलेलं आहे. ट्रो कशी असते हे ज्याला पाहायचं त्याने तिथे जावं. पर्टनच्या गलबतांचं महत्त्व ती कशी होती यात नाही, ती तिथे का आहेत यात आहे. तो जहाजांचा संग्रह नाहीच. तो जहाजांनी घातलेला बांध आहे. एक गलबत काढलं की बांधात फट पडते, अगदी शब्दशः.

आणि बांध म्हणून तो अजून बिनकामाचा झालेला नाही. आज पर्टनला जो गवताळ काठ दिसतो तो बराचसा याच गलबतांनी धरून ठेवलेल्या गाळाचा आहे. कालव्यातून आता मालवाहतूक जवळजवळ होत नाही, हौशी लोकांच्या बोटी फिरतात. पण ब्रिस्टल शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा याच कालव्यातून उचलला जातो, आणि त्याचं शुद्धीकरण केंद्र पर्टनलाच आहे. म्हणजे ब्रिस्टलमध्ये सकाळी चहाचं आधण ठेवणाऱ्या माणसाच्या आणि सेव्हर्नच्या उधाणाच्या मधे जे काही उभं आहे, त्यात कुजत आलेल्या गलबतांच्या रांगेचाही हिस्सा आहे. वारशाबद्दल लिहिणारे हे फार क्वचित सांगतात. कालवा आज कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे आहे. माझं म्हणणं असं की या गलबतांचा खर्च वारसा म्हणून मागूच नये, बांधाच्या देखभालीच्या खात्यात टाकावा. वारशाच्या निधीला दर मंदीत कात्री लागते. पिण्याच्या पाण्याच्या बांधाला कात्री लावायची हिंमत सहसा कुणी करत नाही.

मग कुजणाऱ्या लाकडाचं काय? कुजू द्यावं. मात्र त्याआधी प्रत्येक फळी मोजावी, प्रत्येक सांधा काढून ठेवावा, लेझरने मोजमाप घ्यावं, लाकूड कुठल्या झाडाचं ते नोंदवावं, आणि ज्यांचे आजोबा त्या गलबतांवर होते त्यांच्याकडून जे मिळेल ते लिहून घ्यावं. पर्टनला यातलं बरंचसं झालंही आहे, तेही मुख्यतः हौशी लोकांच्या जिवावर. माणसांपासून संरक्षण द्यावं, निसर्गापासून नको. चोरी आणि आग थांबवायला पाटी, फिरती गस्त आणि दंडाची तरतूद पुरते. बुरशी थांबवायला अख्खी प्रयोगशाळा लागते.

‘नोंद करा आणि सोडून द्या’ यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. सरकारं आणि संस्था यांना काहीच न करायला नेहमी एखादं तत्त्वज्ञान हवं असतं. आम्ही नोंद केली आहे, असं म्हणून फाइल बंद करणं फार सोपं. अमेरिकेत मेरीलँडमध्ये पोटोमॅक नदीच्या काठी मॅलोज बे म्हणून जागा आहे. पहिल्या महायुद्धात घाईघाईने बांधलेली आणि युद्ध संपल्यामुळे निरुपयोगी ठरलेली शंभराहून अधिक लाकडी जहाजं तिथे आणून जाळली, मोडली, सोडली. पुढे त्यांच्या सांगाड्यांवर झाडं उगवली, मासे आले, गरुडांनी घरटी केली. २०१९ मध्ये ती जागा राष्ट्रीय सागरी अभयारण्य जाहीर झाली. तिथे कुणी जहाजं दुरुस्त करत नाही; त्यांचं कुजणंही अभयारण्याचाच भाग मानलं जातं. फक्त त्या कुजण्याला कायद्याचं कुंपण आहे आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला माणसं नेमलेली आहेत. सोडून देणं आणि टाकून देणं यातला फरक एवढाच, पण हा फरक कागदावर, शिक्क्यासकट असायला लागतो. पर्टनच्या गलबतांना तो शिक्का एकत्र, सगळी मिळून एक जागा म्हणून मिळायला हवा होता. एकेकासाठी अर्ज करत बसायची गोष्ट नव्हती.

याच इंग्लंडात मुंबईला बांधलेलं एक जहाज आहे. ‘ट्रिंकोमाली’, १८१७, मुंबई गोदीत वाडियांनी मलबारी सागवानात बांधलेली युद्धनौका. ती आज हार्टलपूलला तरंगते आहे, आणि १९९० पासून तिच्यावर दहा वर्षांहून अधिक काळ दुरुस्तीचं काम चाललं. मराठी माणूस तिकडे गेला तर अभिमानाने फोटो काढतो, काढावाच. पण तिची थोरली बहीण ‘कॉर्नवॉलिस’ कुणाला आठवत नाही. १८१३ मध्ये तीही मुंबईतच बांधली; तिच्यावर १८४२ चा ब्रिटन आणि चीन यांच्यातला नानकिंगचा तह झाला; आणि १८६५ मध्ये तिचा शीरनेसला धक्का करून टाकला. पर्टनच्या गलबतांसारखीच तीही काठाला बांधून कामाला लावली, आणि जवळजवळ शंभर वर्षं ती तशी कामावर होती. १९५७ मध्ये मोडली. मुंबईच्या सागवानाबद्दल मला ‘ट्रिंकोमाली’पेक्षा या धक्क्यातून जास्त कळलं असतं: खारट चिखलात, रोजच्या भरती-ओहोटीत, दुरुस्तीविना ते लाकूड किती टिकतं? उत्तर समोर होतं, मोडून नेलं.

युद्धनौका वाचते, मालवाहू गलबत जातं, हे सगळीकडचं आहे. आपल्याकडे तर युद्धनौकाही वाचत नाही. पहिली ‘विक्रांत’ १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, २०१४ मध्ये भंगारात गेली आणि तिच्या पोलादातून मोटारसायकली निघाल्या. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं. कोकणच्या खाड्यांमधून मंगलोरी कौलं, मीठ, लाकूड, आंबे वाहणारे पडाव, मचवे, फत्तेमाऱ्या गेल्या त्यावर कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत. आधी डोलकाठ्या उतरवून इंजिनं बसवली, मग ट्रक आले, मग कोकण रेल्वे आली. जैतापूर, विजयदुर्ग, दाभोळ, बाणकोट या खाड्यांच्या काठी त्यांतल्या काहींची हाडं मॅन्ग्रोव्हच्या मुळांमध्ये अडकून असतात. गावातल्या म्हाताऱ्या तांडेलाला विचारलं तर तो ती कुणाची, कुठल्या सुताराने बांधलेली, कुठल्या साली तिने खेप बंद केली ते सांगतो. त्याच्या मुलाला विचारलं तर तो म्हणतो, जुनी होडी आहे कुणाची तरी.

या बेफिकिरीची किंमत किती असते ते २०२५ मध्ये अगदी नीट दिसलं, फक्त तेव्हा आपण सगळे टाळ्या वाजवत होतो. नौदलाने कारवारला ‘कौंडिण्य’ हे शिवलेलं जहाज दाखल करून घेतलं. खिळा न वापरता काथ्याने फळ्या शिवायची जुनी विद्या, गोव्यात केरळी कारागिरांनी केलेली बांधणी. काम खरोखर थोर आहे. पण आराखडा आणला कुठून? अजिंठ्याच्या भित्तिचित्रातून. पाचव्या शतकातल्या चित्रकाराने भिंतीवर जे काढलं त्यावरून तळ किती रुंद, डोलकाठी किती उंच हे ठरवावं लागलं आणि ते तरंगेल की नाही ते प्रयोगशाळेत प्रतिकृती करून तपासावं लागलं, कारण त्या जातीच्या एकाही जहाजाचा सांगाडा वा मोजमाप हाती नाही. पाचवं शतक लांबचं, तेही सोडा. अठराव्या शतकातल्या गुराब या मराठी लढाऊ जहाजाचं तरी काय आहे? विजयदुर्गाजवळ गिर्ये गावी वाघोटन खाडीत खडक खोदून केलेली आरमाराची गोदी आहे, गुराब नाही. १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं, तेव्हा ते नाइलाजाने गेलं असं म्हणता येईल. १९७० च्या फत्तेमारीला कुणी जाळलं नव्हतं.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी, नाहीतर काठाला लागलेलं प्रत्येक जहाज वारसा ठरेल. जून २०००मध्ये गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर ‘रिव्हर प्रिन्सेस’ येऊन रुतली आणि बारा वर्षांच्या आसपास तिथेच बसली. पर्यटक तिच्यासमोर फोटो काढत होते आणि किनारा धुपत होता. जून २०२०मध्ये निसर्ग चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्याला लागलं, तेही वर्षानुवर्षं पडून राहिलं. मिऱ्याला तर आधीच धूप थांबवायच्या बंधाऱ्याचं घोंगडं किती वर्षं भिजत पडलेलं. ही जहाजं लवकरात लवकर हलवायला हवी होती. त्यांच्याबद्दल हळवं व्हायचं कारण नाही. ती त्या गावची नव्हती, त्या गावासाठी आली नव्हती, आणि त्यांच्या मालकांनी खर्च टाळला म्हणून ती तिथे उरली. पर्टनपाशीही हा फरक दिसतो. १९६० च्या ऑक्टोबरमध्ये धुक्यात तेल-पेट्रोलचे दोन टँकर बार्ज सेव्हर्नच्या रेल्वे पुलावर आदळले, पाच माणसं गेली, पूल मोडला. त्या दोघांचे अवशेष ओहोटीला अजून पात्रात दिसतात. अपघाताची खूण म्हणून त्यांची जागा वेगळी. काठावरच्या गलबतांशी त्यांची गल्लत करू नये.

म्हणून वयाची अट मला निरुपयोगी वाटते. आपला १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षं मागतो. पाण्याखालच्या वारशाविषयीचा युनेस्कोचा २००१ चा करारही शंभर वर्षंच मागतो, आणि तो ब्रिटनने स्वीकारलेला नाही, आपणही नाही. दगडाच्या मूर्तीला शंभर वर्षं म्हणजे काहीच नाही. कोकणच्या पावसात उघड्यावर पडलेला लाकडी पडाव शंभराव्या वर्षी पाहायला जायचं म्हटलं तर तिथे चिखल असेल. लाकडी नावेसाठी विचारायचे प्रश्न वेगळे: ती या खाडीवर काम करत होती का, तिच्यासारखी दुसरी उरली आहे का, आणि तिची बांधणी सांगू शकणारं माणूस अजून हयात आहे का? पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही आणि तिसऱ्याचं हो आलं, की त्याच आठवड्यात टेप घेऊन तिथे जायचं.

याला फार पैसा लागत नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण सागरी वारसा म्हटलं की आपल्याकडे एकदम कोटींचे आकडे येतात. गुजरातेत लोथलला राष्ट्रीय सागरी वारसा संकुल उभं राहतंय, त्याचा खर्च हजारो कोटींत आहे. सिंधुदुर्गात निवतीच्या समुद्रात नौदलातून निवृत्त झालेलं ‘गुलदार’ बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचा प्रकल्प आहे. होऊ दे. पण त्याच जिल्ह्याच्या खाड्यांत ज्या नावा न बुडवताच बुडतायत, त्या मोजायला आर्किटेक्चर महाविद्यालयाची चार मुलं, एक गाबित वा खारवी सुतार आणि एक उन्हाळ्याची सुट्टी पुरेल. मुलांना वाड्यांची मोजमापं घ्यायला पाठवतातच. एकदा पठाणापासून, म्हणजे बुडाच्या कण्यापासून, डोलकाठीपर्यंत एक मचवा काढून आणायला सांगा. सुताराला मानधन द्या, आणि त्याचं नाव नकाशावर आधी घाला.

आणि त्याहून आधीचं काम कागदांचं आहे. पर्टनची ती लाकडाची टोकं ‘डिस्पॅच’ आणि ‘हॅरिएट’ झाली ती नोंदवह्यांमुळे: कुठलं गलबत कुठे बांधलं, कुणाच्या मालकीचं, कुठल्या साली नोंदीतून वगळलं. आपल्याकडेही शिडाच्या जहाजांची नोंदणी १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याने सक्तीची होती, आणि राज्यातली लहान बंदरं १९९६ पासून महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहेत. म्हणजे मचव्यांची, पडावांची नावं, मालक, तांडेल, टनभार हे सगळं कधीतरी कुणा कारकुनाने शाईने लिहिलेलं आहे. बंदर कार्यालयांच्या इमारती समुद्रापासून दगडाच्या टप्प्यावर, कौलं फुटलेली, आत वाळवी. मंडळाने एक परिपत्रक काढून जुन्या नोंदवह्या पावसाआधी एका जागी आणाव्यात आणि स्कॅन करून घ्याव्यात. त्या हाती आल्या की खाडीकाठच्या कुठल्या हाडांना काय नाव द्यायचं हे तांडेलांच्या समोर बसून ठरवता येईल.